फुलाचें फळ कसें होतें?

फूल गळतें आणि त्याच्या जागीं फळ धरतें, ही गोष्ट लहान मुलासहि ठाऊक असते. आणि जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते तिच्याविषयीं प्रश्न विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. फुलांत जी पिवळी धूळ असते ती कशासाठीं, फळ धरण्यास तिची गरज आहे कीं नाहीं, आणि गरज असल्यास ती नेमकें करते काय, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यास यूरोपांतील विद्वानांस सन १६९४ पासून सन १८९८ पर्यंत, म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षें, लागलीं. ह्या अवधींत एका शाळामास्तराचा अमोल ग्रंथ धूळ खात पडला, आणि एका नामांकित पंडिताच्या चुकीचें समर्थन करणाऱ्या निबंधास एका विद्वत्संस्थेनें पारितोषिकहि दिलें. ह्या इतिहासांतील कांहीं भाग आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

खजुरीमध्यें नर व मादी अशीं निराळीं झाडें असतात, आणि नराचा मोहोर मादीच्या मोहोरावर झटकल्यावांचून खजूर धरत नाहीं, हें बाबिलोनच्या माळ्यांस फार प्राचीन काळीं माहीत होतें. हम्मुराबी राजाच्या सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या कायद्यांत, ह्या कामासाठीं बाग माळ्याच्या स्वाधीन केली असतां मालकास किती वांटा मिळावा, ह्याचेंहि एक कलम आहे. ग्रीक पंडित थिओफ्रास्टस ह्यानें ही क्रिया स्पष्ट वर्णिली आहे. आमच्या देशांत गांजा पिकविणारे लोक नर झाडें वेळींच उपटून टाकीत, कारण बीं धरलें कीं गांजाचा कस उतरतो. सन १८९३-९४ च्या सरकारी चौकशीमंडळाच्या वृत्तांतांत ह्या कामाचें वर्णन आलें आहे. पपई लावणारा शेतकरीहि बागेंत थोडींशीं नर झाडें राखून बाकीचीं काढून टाकतो. परंतु हें सर्व ज्ञान त्या त्या झाडापुरतें राहिलें. खजुरीस जो नियम लागू तोच मोगऱ्यास, वाटाण्यास आणि भातासहि लागू असेल काय, असें कोणीं विचारलें नाहीं.

न विचारण्यास कारणहि होतें. बहुतेक फुलांत नर व मादी अशीं निराळीं झाडें नसतातच. जास्वंदीचें फूल हातांत घेऊन पाहावें. मध्यभागांतून जी लांब दांडी बाहेर येते तिच्या अंगावर पिवळ्या बारीक गांठी असतात, ते परागकोश. आणि दांडीच्या अगदीं टोंकास मखमलीसारखे पांच ठिपके असतात, त्या कुक्षी. फुलाच्या तळाशीं, सहज दृष्टीस न पडणारा, किंजपुट असतो. त्यांत बीजांडें असतात, आणि फळ व्हावयाचें तें ह्या किंजपुटाचें. (गंमत अशी कीं, ज्या जास्वंदीच्या आधारें आम्ही हें वर्णन करीत आहों, तिला आमच्या परसांत बीं असें सहसा धरतच नाहीं, फांदी खोंचूनच तिची लागवड होते.) इतक्या जवळ जवळ असलेल्या ह्या अवयवांचा एकमेकांशीं कांहीं व्यवहार असेल, हा संशय कोणास यावा कसा? तूर्नफोर ह्या प्रख्यात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचें तर असें मत होतें कीं, पराग म्हणजे झाडानें टाकून दिलेला मळ. इंग्लंडांत नेहेमाया ग्रू ह्यानें सन १६८२ च्या आपल्या ग्रंथांत पुंकेसर हे नर-अवयव असावेत असें सुचविलें, पण सुचविणें निराळें आणि सिद्ध करणें निराळें.

तें सिद्ध करण्याचें काम जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील रुडोल्फ याकोब कामेरारिउस ह्या वैद्यकाच्या अध्यापकानें केलें. त्याच्याकडे तेथील वनस्पति-उद्यानाची देखरेख होती. त्यानें एरंडाच्या झाडावरील नर फुलें उमलण्यापूर्वींच खुडून टाकलीं. एरंड्या धरल्या खऱ्या, पण आंत पोकळ. मक्याच्या कणसाचे रेशमी केस कापून टाकले. कणीस भरलेंच नाहीं. नर झाडापासून दूर वाढलेल्या तुतीच्या मादी झाडास फळें आलीं, पण त्यांतील बीजें फोल निघालीं. हे प्रयोग त्यानें व्हालेंटिनी नांवाच्या गीसेन येथील अध्यापकास लिहिलेल्या एका लॅटिन पत्रांत नमूद केले. त्या पत्रावर २५ ऑगस्ट १६९४ ही तारीख आहे. ह्या पत्रांतील जो भाग आम्हांस विशेष आदरणीय वाटतो, तो त्याच्या यशाचा नसून अपयशाचा आहे. त्यानें भांगेचीं मादी झाडें एकटीं वाढविलीं, आणि त्यांवर कांहीं चांगलीं बीजें धरलीं! त्याच्या सिद्धांतास हा उघड बाध होता. त्यानें तो लपविला नाहीं. आपणांस ह्याचा उलगडा होत नाहीं व ह्याचा आपणांस त्रास होतो, हें त्यानें स्पष्ट लिहून ठेविलें. भांगेच्या मादी झाडावर क्वचित् चारदोन नर फुलेंहि येतात, हें कारण पुढें कळून आलें. आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच्याच हातानें कागदावर उतरविणारे लोक कोणत्याहि काळीं थोडेच.

ह्यापुढील साठ-सत्तर वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यांत उरकतों. स्वीडनच्या लिनियसनें सन १७३५ मध्यें पुंकेसर व स्त्रीकेसर ह्यांच्या संख्येवरून सर्व वनस्पतींचे वर्ग पाडले, आणि तें करतांना नवरे, बायका, शेज अशी भाषा वापरली. त्यामुळें नवीन मताचा प्रसार झाला तसाच गवगवाहि झाला. सेंट पीटर्सबर्गच्या सीगेसबेक नांवाच्या पंडितानें, एका स्त्रीस अनेक पति असा अनाचार ईश्वर फुलांत तरी कसा चालू देईल, असा आक्षेप घेतला. प्रश्न फुलांचा असून उत्तर मात्र नीतिशास्त्रांतून काढावयाचें, हा प्रकार आमच्या इकडील वादांतहि अपरिचित नाहीं. सन १७६० मध्यें योसेफ केलरॉयटर ह्यानें तंबाखूच्या एका जातीचा पराग दुसऱ्या जातीच्या कुक्षीवर टाकून संकर झाड उत्पन्न केलें. तें दोन्ही जातींच्या मध्यल्या रूपाचें निघालें, आणि खेंचराप्रमाणें वांझ ठरलें. संततींत पित्याचाहि वांटा आहे, हें ह्या एका प्रयोगानें जितकें स्पष्ट झालें तितकें शंभर वादांनीं झालें नसतें.

आतां त्या शाळामास्तराकडे वळूं. ख्रिस्तिआन कोनराड स्प्रेंगेल हा बर्लिनजवळील स्पांडाऊ येथील शाळेचा मुख्य होता. प्रकृति ठीक राहीना म्हणून त्याच्या वैद्यानें त्यास मोकळ्या हवेंत हिंडण्याचा व वनस्पति पाहण्याचा सल्ला दिला. सन १७८७ च्या उन्हाळ्यांत एका रानटी जिरेनियमच्या फुलांत, पाकळीच्या बुडाशीं, त्यास अगदीं बारीक लव दिसली. दुसरा कोणी असता तर पुढें गेला असता. स्प्रेंगेलनें मात्र विचार केला कीं, शहाण्या निर्मात्यानें एक केसहि उगाच निर्माण केला नसेल. त्या लवेखालीं मधाचे थेंब होते. पावसाचें पाणी त्यांत मिसळूं नये म्हणून ती लव होती. मध कोणासाठीं? किड्यांसाठीं. मग किड्यांस मध सांपडावा म्हणून कांहीं खूण असावयास पाहिजे. पुढील उन्हाळ्यांत दुसऱ्या एका निळ्या फुलाच्या मध्यभागींचें पिवळें कडें त्याच्या ध्यानांत आलें. तें कडें म्हणजे मधाच्या घराचा पत्ता! आणि ही सर्व व्यवस्था किड्याच्या पोटासाठीं नसून, त्याच्या अंगास चिकटणाऱ्या परागासाठीं होती. अशा रीतीनें एका केसापासून निघून, पायरी पायरीनें, हा मनुष्य फुलांच्या संबंध रचनेपर्यंत पोंचला.

सन १७९३ मध्यें त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ४६१ जातींच्या फुलांचें वर्णन असून २५ ताम्रपट आहेत. कित्येक फुलांत पुंकेसर अगोदर पिकतात आणि कुक्षी मागाहून तयार होते, कित्येकांत ह्याच्या उलट, त्यामुळें एकाच फुलाचा पराग त्याच फुलाच्या उपयोगीं पडत नाहीं, हा शोध त्यांतील सर्वांत मोलाचा. आमच्या वाचकांस ह्याचें घरगुती उदाहरण पाहिजे असल्यास सीताफळाचें घ्यावें. त्याच्या फुलांत कुक्षी आधीं ओली होते व पराग मागाहून सुटतो. झाड फुलांनीं भरून जातें आणि फळें मात्र मोजकीं धरतात, ह्याचें एक मोठें कारण हेंच. निसर्गास कोणत्याहि फुलानें स्वतःच्याच परागानें फळ धरावें हें रुचत नसावें, असें स्प्रेंगेलनें लिहिलें. कां रुचत नसावें, हें मात्र त्यास सांगतां आलें नाहीं, आणि त्याच्या ग्रंथाची हीच काय ती उणीव म्हणावयाची.

पण ग्रंथाची उपेक्षा ह्या उणिवेमुळें झाली नाहीं. फुलें आणि माशा ह्यांच्यामागें दिवस घालविणारा माणूस त्या वेळच्या विद्वानांस पोरकट वाटला. सन १७९४ मध्यें तुटपुंज्या पेन्शनवर त्यास शाळेंतून निघावें लागलें. ग्रंथाचा दुसरा भाग निघालाच नाहीं. पुढें तो बर्लिनमध्यें एकटा राहून, थोड्याशा मोबदल्यावर लोकांस रविवारीं रानांत नेऊन वनस्पति दाखवीत असे. सन १८१६ मध्यें तो वारला. सन १८४१ मध्यें रॉबर्ट ब्राउन ह्याच्या सूचनेवरून चार्ल्स डार्विननें तो ग्रंथ वाचला, आणि जो प्रश्न स्प्रेंगेलनें सोडून दिला होता तोच उचलला. अकरा वर्षें त्यानें एकाच कुंडींत दोन बाजूंस रोपें लावून तुलना केली. एका बाजूस स्वतःच्या परागापासून झालेलीं, दुसऱ्या बाजूस परक्या परागापासून झालेलीं. घंटेसारखीं फुलें येणाऱ्या एका वेलीच्या दहा पिढ्यांत दुसऱ्या प्रकारच्या वेली सरासरी १०० उंच, तर पहिल्या प्रकारच्या ७७, असें प्रमाण पडलें. हा हिशेब सन १८७६ मध्यें प्रसिद्ध झाला. स्प्रेंगेलचें नांव आज आदरानें घेतलें जातें तें मुख्यतः डार्विनमुळें.

येथें थोडें विषयांतर करून एका मुलाची गोष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. व्हॅनिला ही मेक्सिकोकडील वेल. हिंदी महासागरांतील रीयुनियन ह्या फ्रेंच बेटावर ती लावली गेली. वेल वाढे, फुले, पण शेंग धरेना, कारण तिच्या मायदेशांतील माशी तेथें नव्हती. बेल्जममध्यें शार्ल मोरां ह्या अध्यापकानें सन १८३६ मध्यें हातानें पराग लावून शेंगा धरविल्या होत्या, परंतु मळेवाल्यांच्या कामास येईल अशी सोपी युक्ति ती नव्हती. सन १८४१ मध्यें त्या बेटावरील एदमों नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें ती शोधून काढली: पराग व कुक्षी ह्यांच्यामध्यें एक बारीक पडदा असतो, तो काडीनें उचलावयाचा आणि अंगठ्यानें पराग कुक्षीवर दाबावयाचा, झालें. सन १८४८ मध्यें गुलामगिरी उठल्यावर त्यास आल्बियुस हें आडनांव मिळालें. धन मात्र मिळालें नाहीं. एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें ह्या युक्तीचें श्रेय आपणांकडे घेऊं पाहिलें, तेव्हां त्याचा पूर्वींचा मालकच त्याच्या बाजूनें साक्ष देण्यास उभा राहिला. सन १८८० मध्यें तो दारिद्र्यांत मेला. मादागास्करच्या मळ्यांत आजहि एकेका फुलास हीच क्रिया हातानें करावी लागते. ज्या सुगंधी शेंगेवर इतका व्यापार चालतो तिच्यामागें त्या मुलाचा अंगठा आहे.

असो. पराग अवश्य आहे हें ठरलें. कुक्षीवर पडल्यावर तो करतो काय, हा तिसरा व सर्वांत कठीण प्रश्न राहिला. त्याचा पहिला दुवा, आमच्या गृहिणींस ऐकून मौज वाटेल, घोळाच्या भाजीनें पुरविला. जियोव्हान्नी बात्तिस्ता आमिची हा इटलींतील मोदेना येथील गृहस्थ स्वतः उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्रें घडवीत असे. घोळाच्या फुलाच्या कुक्षीवरील केसांत रस कसा फिरतो हें तो पाहत असतां, त्या केसास चिकटलेल्या एका परागकणांतून एक बारीक नळी बाहेर पडतांना त्यास दिसली. ही हकीकत त्यानें सन १८२४ मध्यें प्रसिद्ध केली. सन १८३० पर्यंत त्यानें ही नळी कुक्षीपासून थेट बीजांडापर्यंत जाते हें पाहून घेतलें. म्हणजे परागकण कुक्षीवर पडून स्वस्थ राहत नाहीं. तो तेथें रुजतो, आणि त्याची नलिका वाट काढीत आंत उतरते.

सन १८३७ मध्यें मातियास श्लायडेन ह्यानें निराळाच सिद्धांत पुढें आणला. त्याचें म्हणणें असें कीं, परागनलिकेचें टोंक बीजांडांतील गर्भकोशांत शिरतें व तें टोंकच फुगून गर्भ होतो. म्हणजे पराग हाच अंकुराचें मूळ, आणि बीजांड ही नुसती दाई! हें मत ऐकून हसणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. त्या वेळच्या यंत्रांतून पाहतां नलिकेचें टोंक जेथें टेंकतें नेमका तेथेंच गर्भ एका बारीक देंठानें लोंबतांना दिसतो. तो देंठ नलिकेचाच पुढील भाग आहे असें वाटावें, ह्यांत नवल नाहीं. शिवाय श्लायडेन हा सामान्य मनुष्य नव्हता. सर्व वनस्पति पेशींच्या बनलेल्या आहेत हें मत त्यानेंच सन १८३८ मध्यें ठासून मांडलें. कल्पना सोडा आणि डोळ्यांनीं पाहा, असा त्याचा सर्वांस उपदेश असे. त्याची लेखणीहि मोठी तिखट होती. अशा माणसाची चूक ही साध्या माणसाच्या चुकीपेक्षां फार दिवस टिकते.

आमिचीनें सन १८४२ मध्यें पादुआच्या विद्वत्परिषदेंत ह्या मतास विरोध केला. श्लायडेनकडून त्यास उत्तर मिळालें तें रागाचें. आमिचीनें वाद न वाढवितां दुसरें फूल निवडलें. आमरीच्या म्हणजे ऑर्किडच्या फुलांत पराग पडल्यापासून नलिका बीजांडापाशीं पोंचेपर्यंत बराच काळ जातो, तेवढ्यांत पायरी पायरीची तपासणी करतां येते. त्यास असें दिसून आलें कीं, नलिका येण्यापूर्वींच गर्भकोशांत एक पेशी तयार होऊन बसलेली असते. नलिका येऊन बाहेरून भिडते. आणि गर्भ होतो तो त्या अगोदरच्या पेशीचा, नलिकेच्या टोंकाचा नव्हे. हें त्यानें सन १८४६ मध्यें जेनोआच्या परिषदेपुढें मांडलें. तीनच वर्षांनीं लायप्झिग येथील विल्हेल्म होफमायस्टर ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणानें अनेक जातींच्या वनस्पतींत हेंच पडताळून दाखविलें. होफमायस्टर हा कोणत्याहि विश्वविद्यालयांत शिकलेला नव्हता. वडिलांच्या पुस्तकांच्या व संगीताच्या दुकानांत काम करावें आणि सकाळच्या पहिल्या प्रहरीं सूक्ष्मदर्शकापुढें बसावें, असा त्याचा क्रम होता.

इतका पुरावा पुढें आल्यावर वाद मिटावयास पाहिजे होता. तो मिटला नाहीं. श्लायडेनच्या शाखेंतील हेर्मान शाख्ट ह्यानें गुरूच्या मताच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधास ॲम्स्टरडॅमच्या विद्वत्संस्थेनें पारितोषिक दिलें व तो निबंध सन १८५० मध्यें छापून निघाला. निबंधांत सुंदर आकृति होत्या, श्रमहि पुष्कळ होते. फक्त निष्कर्ष चुकीचा होता. सन १८५६ मध्यें राडल्कोफर ह्यानें स्वतःची तपासणी प्रसिद्ध केली, आणि खुद्द श्लायडेननेंहि आतां आपलें मत सोडलें आहे, हें जाहीर केलें. सिद्धांत मांडल्यापासून तो मागें घेण्यापर्यंत एकोणीस वर्षें गेलीं. श्लायडेननें शेवटीं माघार घेतली हें त्यास भूषणच आहे, परंतु आमिचीच्या पहिल्या विरोधाच्या वेळीं त्यानें पुन्हां एकदां यंत्रांतून नीट पाहिलें असतें तर बरें झालें असतें, असें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

पुढील काम रंग देऊन पातळ काप पाहण्याच्या नव्या पद्धतीनें झालें. सन १८८४ मध्यें एदुआर्ड स्ट्रासबुर्गर ह्यानें नलिकेंतून आलेलें पुंकेंद्रक स्त्रीपेशीच्या केंद्रकाशीं एकरूप होतांना पाहिलें. पण नलिकेंतून एक नव्हे, दोन पुंपेशी येतात. दुसरीचें काय होतें? सन १८९८ मध्यें कीव्ह येथील सेर्गेई नवाशिन ह्यानें लिलीच्या जातीच्या फुलांत त्याचा उलगडा केला. फ्रान्समध्यें लेओं गिन्यार ह्यानें स्वतंत्रपणें सन १८९९ मध्यें तेंच दाखविलें. पहिली पुंपेशी स्त्रीपेशीस मिळते व त्यापासून गर्भ होतो. दुसरी पुंपेशी गर्भकोशाच्या मध्यभागींच्या दोन केंद्रकांस मिळते, आणि त्यापासून गर्भाची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतो. तांदळाचा दाणा व गव्हाचें पीठ हें बहुतांशीं ह्या शिदोरीचेंच. कोंकणांतील वाचकांनीं शहाळें फोडून पाहावें: आंतील पाणी हा भ्रूणपोषाचाच पातळ भाग, त्यांत असंख्य केंद्रकें तरंगत असतात, कडेनें पेशी बसत जातात तशी मलई व पुढें खोबरें होतें. ज्याला खरोखर नारळाचें बाळ म्हणावयाचें तें डोळ्याखालीं दडलेलें एवढेंसें असतें. आम्ही खातों तें बहुतेक सर्व त्या बाळाच्या वांट्याचें.

ह्या इतिहासाचीं अलीकडील दोन पानें आशियांत लिहिलीं गेलीं. दिल्ली विश्वविद्यालयांत पंचानन महेश्वरी ह्यांनीं वनस्पतींच्या गर्भविज्ञानाचें अध्ययन नांवारूपास आणलें. त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह सन १९६२ मध्यें अफूच्या फुलांतील बीजांडें काचेच्या नळींत ठेवून, त्यांवर पराग टाकून, कुक्षी व तिचा देंठ ह्यांच्या मदतीवांचून बीजें धरवून दाखविलीं. तरी नलिकेस अंधारांतून बीजांडाची वाट कशी सांपडते, हें कोडें राहिलेंच होतें. त्याचें उत्तर तोरेनिया नांवाच्या एका लहान बागेंतल्या फुलानें दिलें. बहुतेक फुलांत गर्भकोश बीजांडाच्या आवरणांत झांकलेला असतो. ह्या फुलांत तो अर्धा बाहेर डोकावतो, म्हणून आंतील व्यवहार जिवंतपणीं पाहतां येतो. जपानमधील हिगाशियामा व त्यांच्या मंडळीनीं सन २००१ मध्यें लेझर किरणांनीं गर्भकोशांतील एकेक पेशी मारून पाहिली. स्त्रीपेशी मारली तरी नलिका येत राहिली. स्त्रीपेशीच्या बाजूस ज्या दोन सहायक पेशी असतात त्यांपैकीं एक जिवंत ठेवली तरी नलिका येई, मात्र कमी वेळां. दोन्ही मारल्या, तेव्हां एकहि नलिका तिकडे वळेना. त्या दोन पेशी जें द्रव्य बाहेर सोडतात तें एक प्रकारचें लहान प्रथिन असल्याचें सन २००९ मध्यें त्यांनीं ओळखून काढलें.